पॉलिश म्हणजे घट

(रायपूर येथील सदर बाजारात भरलेल्या मराठी भाषक रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या कौटुंबिक मेळाव्यात आमच्या शाखेच्या सचिवांनी केलेले भाषण. ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



दर मेळाव्यात आपण महागाई भत्ता, बढत्या आणि क्वार्टरांची गळती यांवर बोलतो. आजचा विषय निराळा आहे. मोटारीच्या रंगावर पडलेल्या गोल-गोल रेघा आणि बारीक ओरखडे कशाने घालवावेत, बाजारातील कोणती बाटली घ्यावी आणि कोणती घेऊ नये, यावर आज बोलायचे आहे. मागच्या बाकांवर काही मंडळी हसली. हसू द्या. परंतु गेल्या वर्षभरात आमच्या कचेरीत येऊन हा प्रश्न विचारणाऱ्यांत तीच मंडळी पुढे होती.

हा प्रश्न श्रीमंतांचा राहिलेला नाही. सरकारने २०१६ साली, सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीप्रमाणे, आपल्याला मिळणारे मोटार व मोटारसायकल अग्रिम बंद केले. तेव्हापासून आपला माणूस मोटार घेतो ती बँकेच्या किंवा पतपेढीच्या कर्जावर, नाहीतर निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या उपदानाच्या पैशांतून. आणि बहुतेक वेळा जुनी घेतो. पुढे विकताना भाव ठरतो तो आधी रंगावरून आणि मग इंजिनावरून. कर्जाचा हप्ता पाच-पाच वर्षे चालतो. रंग मात्र चुकीच्या बाटलीने एका दुपारी जातो. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज मोटारी धुण्याच्या व पॉलिश करण्याच्या धंद्यात आहेत. म्हणजे बॉनेट आपले आणि पॉलिशची धूळ खाणारी छातीही आपल्याच मुलाची. म्हणून हा विषय आम्ही मेळाव्यात घेतला.

आता मुद्द्याकडे येऊ. आपण बसलो आहोत ते ठिकाण या विषयाला फार योग्य आहे. सदर बाजार म्हणजे रायपूरची सराफी पेठ. येथील कोणत्याही कारागिराला विचारा, पॉलिश म्हणजे काय? तो सांगेल, पॉलिश म्हणजे घट. दागिना चमकून येतो तेव्हा तो आधीपेक्षा हलका झालेला असतो. म्हणूनच तो पॉलिशच्या आधी वजन करतो आणि नंतरही करतो. दुकानातला केरसुद्धा तो फेकत नाही. झारेकरी तो केर विकत घेतो, धुतो, जाळतो आणि त्यातून सोने काढतो. ते सोने आले कुठून? दागिन्यांवरूनच आले.

हीच गोष्ट आपल्या खात्यांतही आहे. स्थानकावरील हमालाचा पितळी बिल्ला आठवा. रोज ब्रासो लावून घासलेल्या जुन्या बिल्ल्यावरचे आकडे पुसट होतात. चमक वाढते आणि आकडा जातो. आपल्या वॅगन रिपेअर शॉपमधील बांधवांना तर हे सांगायलाच नको. बॉक्सएन वाघिणीचे नवे चाक १००० मिलिमीटर व्यासाचे असते. झिजले की लेथवर घेऊन त्याचा घाट पुन्हा बरोबर करतात. दर खेपेला चाक नव्यासारखे दिसते आणि दर खेपेला लहान होते. असे करीत व्यास ९०६ मिलिमीटरवर आला की ते चाक बाद. लेथवरून ते कितीही गुळगुळीत उतरलेले असले तरी बादच.

मोटारीच्या रंगाचे असेच आहे. ओरखडा ही रंगात पडलेली दरी आहे. घासून ओरखडा घालवतात तेव्हा ती दरी कोणी भरून देत नाही. आजूबाजूची जमीन खाली आणून दरीच्या तळाला नेतात. सोनाराजवळ तराजू आहे, चाकासाठी गेज आहे. मोटारधारकाजवळ यांतले काहीच नसते, आणि म्हणून तो बेफिकीर घासत राहतो. आज आम्हाला एवढीच एक गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. बाकी सर्व तिच्यातूनच निघते.

रंग किती जाड असतो?

पूर्वीच्या अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींना एकाच प्रकारच्या रंगाचे थर असत. त्यांना पॉलिश केले की फडक्याला रंग लागे. काळी गाडी असेल तर फडके काळे. घट डोळ्यांना दिसे. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. आजच्या मोटारींचा रंग निराळ्या पद्धतीने बसवलेला असतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांतील क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. हातातल्या वर्तमानपत्राचा एक कागद याहून जाड आहे.

मोटारीची सगळी चमक आणि उन्हापासूनचे संरक्षण या पातळ पापुद्र्यात आहे. यंत्रावर कंपाऊंड लावून घासले तर एका खेपेस एक ते चार मायक्रॉन जातात. मोटारीच्या साऱ्या आयुष्यात मिळून सात-आठ मायक्रॉनांपेक्षा अधिक काढू नये, असा जाणकारांचा दंडक आहे. म्हणजे कडक घासणी दोन-तीनदा झाली की शिल्लक संपली. त्यानंतर रायपूरच्या उन्हात बॉनेटवर आणि टपावर पांढरट डाग येतात आणि साल निघू लागते. त्यावर कोणतीही बाटली चालत नाही. पत्रा नव्याने रंगवावाच लागतो. आणि क्लिअर कोट पारदर्शक असल्यामुळे फडक्याला रंग लागत नाही, म्हणून घट होते आहे हे कळतही नाही.

ओरखडे येतात कोठून?

उन्हात मोटार उभी करून सूर्याचे प्रतिबिंब पाहा. त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वलये दिसतात. प्रत्यक्षात त्या रेघा गोल नसतात. वाटेल त्या दिशेने गेलेले हजारो बारीक ओरखडे असतात. त्यांपैकी प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून गोलाकार भास होतो. काळ्या, निळ्या, गडद लाल रंगावर हे फार दिसतात. पांढऱ्यावर जवळजवळ दिसत नाहीत.

यांतले बहुतेक ओरखडे आपण स्वतःच काढलेले असतात. सकाळी कामावर निघताना कोरड्या फडक्याने धूळ झटकणे, हे त्याचे पहिले कारण. एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात फडके बुडवून वसाहतीतल्या आठ गाड्या पुसणे, हे दुसरे. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर ओढणे, हे तिसरे. वारा आला की ते कव्हरच रात्रभर पॉलिश पेपरचे काम करते. उरळा आणि सिलतरा भागांतील स्पंज आयर्नच्या कारखान्यांची धूळ ज्यांच्या अंगणात पडते त्यांनी तर कोरड्या फडक्याला हातच लावू नये.

चौथे कारण खास आपले आहे. चाक आणि रूळ यांच्या घर्षणातून व ब्रेकमधून लोखंडाची बारीक भुकटी उडते. यार्डाजवळ, फलाटाबाहेर, लोको शेडच्या कुंपणाशी मोटार उभी राहिली की ती भुकटी रंगावर बसते, रुतते आणि गंजते. पांढऱ्या गाडीवर तांबूस टिपके दिसतात ते हेच. परदेशातील रंगाच्या धंद्यातही याला ‘रेल डस्ट’ असेच नाव आहे. गंमत अशी की सराफाच्या दुकानात शेवटची झिलई देण्यासाठी जी लाल भुकटी वापरतात, तीही लोखंडाचाच ऑक्साईड आहे. जात तीच, दाणा निराळा. अतिबारीक, एकसारखा दाणा झिलई देतो आणि जाडाभरडा दाणा ओरखडा काढतो. बाटली निवडताना हे विसरू नये.

आधी परीक्षा, मग बाटली

दुकानात जाण्यापूर्वी तीन परीक्षा घरीच करा. त्यांना पैसे पडत नाहीत.

पहिली पाण्याची. ओरखड्यावर थोडे पाणी लावा. पाणी असेपर्यंत तो दिसेनासा झाला, तर तो वरच्या पारदर्शक थरातच आहे. पॉलिशने त्याला गुण येण्याचा संभव आहे.

दुसरी नखाची. ओरखड्यावरून नख आडवे, अलगद फिरवा. नख अडकले, तर तो ओरखडा बाटलीने जाणारा नाही. दुकानदार काहीही सांगो. तळाशी पांढरा किंवा राखी रंग दिसत असेल तर तो प्रायमरपर्यंत गेला आहे. पत्रा दिसत असेल तर गंज धरण्याआधी रंगाच्या क्रमांकाप्रमाणे टचअपची बारीक कुपी आणून तो बुजवावा आणि गप्प बसावे.

तिसरी परीक्षा तळव्याची. गाडी धुऊन वाळल्यावर हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली, तर रंगात भुकटी रुतलेली आहे. ती काढल्यावाचून पॉलिश सुरू केले तर पॉलिशच्या फडक्याखाली लोखंडाचे कण फिरतील आणि जुने ओरखडे घालवता घालवता नवे पडतील. त्यासाठी लोखंड विरघळवणारा फवारा मिळतो. तो सावलीत, थंड पत्र्यावर मारतात, जांभळा होऊन ओघळला की भरपूर पाण्याने धुतात. उरलेली खरखर ‘क्ले’ नावाच्या चिकणमातीसारख्या वडीने, साबणाचे पाणी लावीत, दाब न देता काढतात. वडी जमिनीवर पडली तर उचलून वापरू नका. फेकून द्या.

बाटल्यांची तीन घराणी

आता दुकानाकडे वळू. कोतवालीकडून येताना दोन्ही बाजूंना पाट्या दिसतात, आणि प्रत्येक दुकानात फळीवर वीस रंगांच्या बाटल्या असतात. घाबरू नका. नावे वीस असली तरी घराणी तीनच आहेत. काही बाटल्या घासतात, काही भरतात आणि काही राखतात.

घासणारी म्हणजे कंपाऊंड आणि पॉलिश. दोहोंत अतिशय बारीक कठीण भुकटी असते, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साईडची. कंपाऊंड जहाल, पॉलिश सौम्य, आणि ‘फिनिशिंग’ पॉलिश सर्वांत सौम्य. एकाच कंपनीच्या एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्यांत हे तिन्ही प्रकार असतात. म्हणून कंपनीचे नाव वाचून थांबू नका, त्याखालचा प्रकार वाचा. काही बाटल्यांतील दाणा घासता घासता फुटून बारीक होतो. तो अर्धवट सोडला तर धुरकट रेघा राहतात. काहींतील दाणा शेवटपर्यंत तसाच राहतो. कोणता आहे आणि किती वेळ घासायचे ते वेष्टनावर लिहिलेले असते. तार वाचल्यासारखे ते लक्षपूर्वक वाचावे.

भरणारी म्हणजे ग्लेझ, काही रंगीत मेण आणि ‘स्क्रॅच रिमूव्हर’ म्हणून विकले जाणारे काही प्रकार. यांत तेले आणि भरणद्रव्ये असतात. ती दरीत बसतात आणि ओरखडा झाकला जातो. काही धुण्यांनंतर तो पुन्हा दिसू लागतो. झाकणे हा गुन्हा नाही. घट न होता गाडी बरी दिसते आणि ते सांगून विकले तर व्यवहार चोख आहे. मात्र जुनी गाडी विकताना आदल्या दिवशी ग्लेझ मारून ‘रंग नवा आहे’ असे सांगणे ही फसवणूक आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून त्या पाण्याने वीतभर जागा पुसावी, मोबाइलची बॅटरी तिरपी धरावी आणि मग सौदा बोलावा. झाकलेले सर्व उघडे पडते. हे द्रव्य पेट घेणारे आहे; विडी-सिगारेट दूर ठेवावी.

राखणारी म्हणजे मेण, सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग. मेणातले नामांकित ते कार्नाउबा, ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे. ते काही आठवडे टिकते. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतो. सिरॅमिक त्याहून बराच जास्त, पण तो थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचाच असतो. दगडाचा टोला किंवा सायकलच्या हँडलचा चरा तो अडवीत नाही. ओरखडे न काढता त्यावर सिरॅमिक चढवले तर ओरखडेच काचेत बसवून ठेवल्यासारखे होतात. मोटारीला ‘टेफ्लॉन’ मारून देतो असे सांगणारेही भेटतील. तव्यावरचे टेफ्लॉन ३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला भाजून बसवलेले असते. मोटार काही कोणी भट्टीत घालत नाही. एवढे विचारले तरी भाव खाली येतो.

नाममुद्रेच्या मोहाबद्दल एकच सांगतो. मेग्वायर्स या अमेरिकन कंपनीची सुरुवात १९०१ साली लाकडी सामानाच्या पॉलिशने झाली. २००८ साली ती थ्री-एम कंपनीने विकत घेतली. म्हणजे दुकानात दोन फळ्यांवर समोरासमोर ठेवलेल्या बाटल्या एकाच घरच्या असू शकतात. नाव मोठे म्हणून माल वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. पण तुमच्या ओरखड्याला कोणते घराणे हवे हे नाव सांगत नाही. ते तुम्हालाच ठरवावे लागते.

निवड कशी करावी?

नियम एकच : सौम्यापासून आरंभ. दवाखान्यात ताप आला म्हणून कोणी एकदम शस्त्रक्रिया सांगत नाही. बॉनेटच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा चिकटपट्टीने आखून घ्या. आधी सर्वांत सौम्य पॉलिश हाताने लावून पाहा, अल्कोहोलच्या पाण्याने पुसा आणि उन्हात तपासा. पुरेसे झाले तर तेच साऱ्या गाडीला. न झाल्यास त्याच जागेवर एक पायरी जहाल. थेट कंपाऊंड घेऊन साऱ्या गाडीवर तुटून पडणे म्हणजे एका टिपक्यासाठी चाक लेथवर चढवणे.

रोज कामावर जाणाऱ्या पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला जहाल काहीच लागत नाही. ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘ऑल इन वन’ म्हणून मिळणारे, ज्यात सौम्य घासणी आणि मेण दोन्ही आहेत, ते वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी हाताने लावले की पुरे. गडद रंगाची गाडी असेल आणि वलये खुपत असतील तर आधी सौम्य पॉलिश आणि त्यावर सीलंट. दाराच्या मुठीखालच्या नखांच्या रेघा, डिकीच्या कडेवरचे सामानाचे घासे, यांना त्या जागेपुरतेच पॉलिश करा. नखाला अडकणाऱ्या चऱ्यांना हात लावू नका. लहानात लहान बाटली घ्या. अर्धा लिटरची बाटली स्वस्त पडते खरी, पण घरात बाटली उरली की माणूस रिकाम्या रविवारी उगाच घासत बसतो.

हाताने की यंत्राने? हात हळू असतो, म्हणून सुरक्षित असतो. यंत्रे दोन प्रकारची आहेत. एक सरळ गरगर फिरणारे बफिंग यंत्र. ते पटकन तापते, कडेला रंग जाळते आणि अननुभवी हातात धुरकट वलये उमटवते. दुसरे डोलत फिरणारे. ते हळू, पण चूक पोटात घालणारे. कारागिराकडे गाडी द्याल तेव्हा तो कोणते यंत्र वापरतो ते विचारा. तो रंगाची जाडी मोजणारे मीटर लावतो का, तेही विचारा. कंपनीचा मूळ रंग असलेल्या पत्र्यावर आकडा साधारण १०० ते १५० मायक्रॉन येतो. पुट्टी भरून रंगवलेल्या पत्र्यावर तो कित्येक पट येतो. त्या मीटरने एकाच वेळी दोन गोष्टी कळतात : रंग किती शिल्लक आहे आणि गाडी पूर्वी ठोकली होती का. जो मोजून घासतो त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. सराफाच्या तराजूला आपण पैसे देतोच ना?

घरगुती आणि कारखानी उपाय

टूथपेस्ट हा सर्वांचा आवडता उपाय. तिच्यात घासणारी भुकटी असते हे खरे, आणि म्हणून बारीक ओरखडा थोडा पुसटही होतो. पण ती भुकटी दातांसाठी मापलेली आहे, रंगासाठी नाही. गडद रंगावर ती स्वतःची धुरकट खूण सोडून जाते. डिझेलचा किंवा रॉकेलचा हात मारला की गाडी तासभर चमकते, कारण तेल दरीत बसते. दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर धूळ बसते आणि रबराच्या पट्ट्यांनाही त्याचा त्रास होतो. ब्रासो पितळासाठी आहे, तो पितळालाच लावा. आपल्या वर्कशॉपमधून व्हॉल्व्ह बसवण्याची ग्राइंडिंग पेस्ट किंवा पॉलिश पेपरचा तुकडा खिशात घालून नेण्याची कल्पना कोणाच्या मनात असेल तर ती सोडून द्यावी. खात्याच्या मालाचा प्रश्न तर आहेच, पण त्या पेस्टचा दाणा पोलादाला खातो. चाळीस मायक्रॉनांच्या पापुद्र्याचे काय होईल ते सांगायला नको. कपड्यांची धुण्याची पावडरही नको. आहे तेवढे मेणही ती धुऊन नेते.

पॉलिश करणाऱ्या मुलांविषयी

आता ज्यासाठी हा विषय मुख्यतः घेतला ते सांगतो. रस्त्याच्या कडेला, शेडमध्ये, जी मुले दिवसभर यंत्र चालवतात, त्यांच्यापैकी किती जणांच्या नाकावर पट्टी असते? वाळलेल्या कंपाऊंडची पांढरी धूळ हवेत तरंगते आणि ती ते श्वासाबरोबर घेतात. सर्वच बाटल्यांत घातक सिलिका असते असे नाही, पण काही घासणाऱ्या मालात असते. धातूच्या पॉलिशच्या ‘ट्रिपोली’ वडीत तर ती मुख्य द्रव्य आहे. सिलिका छातीत गेल्यावर काय होते हे मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटी-पेन्सिल कामगारांनी आणि खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांनी आपल्या फुप्फुसांनी दाखवून दिले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातच सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. पण यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले तरच तो कायदा लागू होई. तीन मुलांच्या शेडपर्यंत तो कधी पोहोचला नाही. तिथे आता आपणच पोहोचायला हवे.

दुसरा धोका आम्लाचा. चाके चटकन चकचकीत व्हावीत म्हणून काही ठिकाणी हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेला द्रव वापरतात. हे आम्ल कातडीवर पडले तरी कधी कधी लगेच दुखत नाही. ते आत शिरते आणि हाडातल्या चुन्यापर्यंत जाते; दुखणे काही तासांनी सुरू होते. बिनलेबलच्या कॅनमधला कोणताही द्रव मुलांनी हातात घेऊ नये. अंगावर पडल्यास त्या क्षणी भरपूर पाण्याने धुवावे आणि कॅन सोबत घेऊन इस्पितळ गाठावे. दुखेपर्यंत थांबू नये.

यात आपण काय करू शकतो? ज्यांची मुले या धंद्यात आहेत त्यांनी घरी चार गोष्टी सांगाव्यात. कंपाऊंड वाळू देऊन उडवू नये, ओलसर ठेवून काम करावे. धूळ अडवणारा खरा मास्क वापरावा, रुमाल पुरत नाही. हातमोजे आणि चष्मा घालावा. मालकाकडे लेबल असलेल्या मालाचाच आग्रह धरावा. आणि गिऱ्हाईक म्हणून जेव्हा आपण गाडी घेऊन जातो, तेव्हा मास्क नसलेल्या मुलाकडून काम करून घेऊ नये. ‘मास्क लाव, आम्ही थांबतो’ एवढे म्हणायला काही खर्च नाही. बाटली निवडण्याआधी शेड निवडा.

शेवटी थोडक्यात

बंधूंनो, सर्वांत स्वस्त ओरखडानाशक म्हणजे न पाडलेला ओरखडा. दोन बादल्या ठेवा, एक साबणपाण्याची आणि एक फडके खळबळण्याची. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्या. मग मायक्रोफायबरच्या फडक्याने वरून खाली, सरळ हाताने, सावलीत धुवा. चाकांचे फडके निराळे ठेवा. कोरडे पुसू नका. धुळीवर कव्हर घालू नका. एवढे वर्षभर पाळले तर फळीवरच्या वीस बाटल्यांपैकी दोन पुरतात : एक सौम्य पॉलिश आणि एक राखणारी.

आणि काही ओरखडे राहू द्या. सदर बाजाराच्या या गल्लीतून गाडी काढायची म्हटले की एखादी रेघ पडणारच. हातभर लांबून दिसत नाही अशा रेघेसाठी दोन मायक्रॉन खर्च करणे परवडत नाही. चाकाला बाद होण्याचे माप ठरलेले आहे, तसे आपल्या रंगालाही आहे. फरक एवढाच की त्याचा हिशोब आपल्यालाच ठेवायचा आहे.

सभेनंतर ज्यांना आपल्या गाडीची नखाची आणि पाण्याची परीक्षा करून पाहायची असेल त्यांनी बाहेर थांबावे, आपण मिळून पाहू.  कामगार एकजुटीचा विजय असो!